फक्की

मैदानावर फक्की मीच मारली होती.
सकाळी सहाला. कारण भुसावळात मे महिन्यात
आठनंतर माणूस उन्हात उभा राहत नाही,
शिजतो.

दोरी लोको शेडच्या भंगारातली, दोन जागी गाठ.
डालड्याचा डबा, खिळ्यानं भोकं पाडलेला.
उत्तरेकडच्या गोलपाशी, डाव्या खांबापासून हातभर,
मुंगळ्यांचं वारूळ होतं.
मोडायला जीव झाला नाही.
म्हणजे खरं सांगायचं तर कंटाळा आला.
दोरी जाळीकडे जराशी ओढून घेतली,
तीन बोटं. फार तर चार.
कोण बघतं, म्हटलं.

संध्याकाळी लोको शेड विरुद्ध वरणगाव फॅक्टरी.
वरणगाव एक गोलनं पुढे, मिनिटं उरली चार,
कॉर्नर आला, ऑल्विननं डोकं लावलं,
आणि निनू फिरके असा आडवा पडला
की चेंडू, निनू आणि माझी फक्की
तिघं मिळून एक पांढरा ढग झाले.

ढगातून शिट्टी आली नाही.
सुभान तडवी सर बारा पावलांवर उभे.
दोन्ही हात पुढे केले: खेळा.

मग जे व्हायचं ते झालं.
बाटल्या आल्या, चपला आल्या,
एक अर्धं खाल्लेलं कणीसही आलं.
सरांच्या मोटारसायकलची हवा कोणीतरी सोडली
आणि ते यावल नाक्यापर्यंत गाडी ढकलत गेले,
काळ्या ड्रेसमध्ये,
मोज्यांत लाल कार्ड तसंच खोचलेलं.

रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी बसली.
तीन जण, एक पंखा, प्लेटभर शेव.
पाण्याच्या टाकीवरून कोणा पोरानं काढलेला व्हिडिओ
त्यांनी एकोणीस वेळा पाहिला.
त्यात चेंडू नव्हताच,
कापसाचं बोंड फुटावं तसं काहीतरी
हलत होतं.
भारंबे साहेब म्हणाले, पूर्ण पार नाही.
दुसरे म्हणाले, पूर्णच पार.
तिसऱ्यांनी शेव संपवली.

चेंडू रेषेपासून किती, हे सगळ्यांनी मोजलं.
रेषा खांबापासून किती,
हे कोणी मोजलं नाही.
मी दाराशी उभा होतो, पाण्याचा जग घेऊन.
मला कोणी विचारलं नाही,
आणि न विचारता बोलावं
एवढी माझी नोकरी पक्की नव्हती.

वर्ष झालं. अजून चालू आहे.
शेडमध्ये, सलूनमध्ये,
झोपेबाबांच्या दहाव्याला, डोकी भादरताना सुद्धा,
'गेला व्हता भो, मी सोता पाह्यला.'
'तू तं त्या दिवशी खंडव्याले व्हता!'
'मंग काय झालं? गेलाच व्हता.'

तडवी सरांनी त्यानंतर शिट्टी धरली नाही.
शाळेत पीटीच्या तासाला म्हणे टाळी वाजवतात.

परवा मी यावलला गेलो. ठरवून गेलो.
वाटेत दोनदा वाक्य जुळवलं,
तापीच्या पुलावर ते मोडलं.
सरांनी खाट टाकली, कळण्याची भाकरी, ठेचा,
केळीच्या भावावर बोलले,
पोरीच्या नर्सिंगवर बोलले,
त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे
हेही त्यांनीच सांगितलं.
कधीपासून, ते मी विचारलं नाही.

निघालो. चप्पल घालताना खाली बघत होतो
तेव्हा मागून म्हणाले,
'सपकाळे, ते वारूळ आहे का अजून?'

मी म्हणालो, आहे.

'असू दे,' म्हणाले.
आणि फाटकाची कडी लावायला आले,
कारण ती आतूनच नीट लागते.

येताना मैदानावर थांबलो.
अंधार पडत होता. रेषा कुठेच नव्हती,
पावसाळ्यात वाहून गेलेली.
दोन खांब, मधे उघडी जागा,
आणि मुंगळे,
आत-बाहेर, आत-बाहेर.